तीन हजार प्रतींचा शब्द

चित्रपट घरात ठेवायचा तर त्याची पेटी किती देखणी असावी, आणि तशा पेट्या बाजारात किती याव्यात? या प्रश्नावरून पुण्यातल्या एका घरात मामा-भाचीची चांगलीच जुंपली. मामांचं आयुष्य पेठेतल्या दुकानात गेलं. तिथे त्यांनी आधी कॅसेटी विकल्या, मग व्हीसीडी, मग डीव्हीडी. भाची पॅकेजिंगच्या छापखान्यात काम करते. दिवसभर औषधांच्या खोक्यांचं पंचिंग आणि लॅमिनेशन बघते, आणि पगारातून बाजूला टाकलेल्या पैशांतून परदेशी स्टीलबुकं मागवते. मागवत होती, असं म्हणायला हवं.

“आता बंद,” ती म्हणाली. “पूर्वी एखादं चांगलं स्टीलबुक यायचं, त्याची वाट बघण्यात महिने जायचे. आता दर आठवड्याला चार येतात. सगळ्यांवर ‘मर्यादित आवृत्ती’ लिहिलेलं. मर्यादा कुठे आहे तेच दिसत नाही.”

“म्हणजे हवी ती वस्तू सहज मिळायला लागली म्हणून तू रुसलीस,” मामा म्हणाले. “आमच्या धंद्यात याला चांगले दिवस म्हणायचे.”

ज्यांनी स्टीलबुक हातात घेतलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. स्टीलबुक हे डेन्मार्कच्या स्कॅनाव्हो कंपनीचं नोंदणीकृत नाव. डीव्हीडीच्या काळात, या शतकाच्या सुरुवातीला, नेहमीच्या प्लास्टिकच्या डबीला पर्याय म्हणून हा पत्र्याचा डबा आला. चित्र आधी सपाट पत्र्यावर छापलं जातं, मग त्या पत्र्याला दाब देऊन डब्याचा आकार येतो. कुठे शीर्षकाच्या अक्षरांना उठाव देतात, कुठे सगळा पृष्ठभाग मॅट ठेवून फक्त एखाद्या डोळ्यावर किंवा तलवारीच्या पात्यावर चकाकी ठेवतात. आतल्या बाजूलाही चित्र असतं, ते पारदर्शक प्लास्टिकच्या खाचेखालून दिसतं. मागे एक कागद डिंकाच्या ठिपक्यांनी चिकटवलेला असतो. तो ओरखडा न पाडता कसा काढायचा यावर संग्राहक तासन् तास बोलू शकतात. डब्याची कड एकदा चेपली की ती सरळ होत नाही, म्हणून डब्यावर वेगळं प्लास्टिकचं आवरण घालायचं. इतकी उस्तवार ज्या वस्तूची करावी लागते तिच्यावर जीव जडतो, यात नवल नाही.

भाचीने कपाटातून एक डबा काढून मामांच्या हातात दिला. मामांनी कण्यावरून अंगठा फिरवला, झाकण उघडून आतलं चित्र उजेडात धरलं आणि म्हणाले, “काम सुरेख आहे. पण दुसऱ्याकडेही असलं तर हे सुरेखपण कमी होतं का?”

“डब्याचं होत नाही. माझं त्याच्याकडे बघणं बदलतं.”

इथे तिचं म्हणणं नीट ऐकायला हवं, कारण ते निव्वळ हेव्यादाव्याचं नाही. डिस्कचा बाजार आटतो आहे. नेटफ्लिक्सने २९ सप्टेंबर २०२३ रोजी टपालाने डीव्हीडी पाठवणं थांबवलं. बेस्ट बाय या अमेरिकी दुकानसाखळीने २०२४च्या सुरुवातीला चित्रपटांच्या डिस्क विकणं सोडलं. कित्येक स्टीलबुकं अमेरिकेत फक्त याच साखळीत मिळायची. इतकं होऊनही स्टीलबुकं कमी झाली नाहीत, उलट वाढली. एकदा बघून बाजूला ठेवणारा प्रेक्षक स्ट्रीमिंगकडे गेला. मागे उरला तो चाहता, आणि त्याची जास्त पैसे मोजायची तयारी असते. मग प्रत्येक स्टुडिओ त्याच चाहत्याकडे वळला. नवा चित्रपट आला की स्टीलबुक, जुना फोर-केमध्ये आला की स्टीलबुक, दहा वर्षं झाली की स्टीलबुक, उत्तरभाग येणार म्हणून पहिल्या भागाचं पुन्हा स्टीलबुक.

“‘टर्मिनेटर २’ घे,” भाची म्हणाली. “२००३मध्ये धातूच्या आवरणातली डीव्हीडी आली. २००९मध्ये नवी ब्लू-रे आली, तिची एक आवृत्ती यंत्रमानवाच्या कवटीत बसवलेली. २०१७मध्ये फोर-के आली, तिच्याबरोबर चक्क माणसाच्या हाताएवढा यंत्रमानवाचा हात, ६,००० प्रती. मधेमधे देशोदेशीची स्टीलबुकं वेगळीच. कवटी कुणीतरी विचार करून केली होती. ‘ब्लेड रनर’ची २००७ची ब्रीफकेसही तशीच. आत छोटी उडती गाडी, एकशिंग्या घोडा. ती उघडताना आपण चित्रपटात शिरतोय असं वाटायचं. आताच्या बऱ्याच डब्यांवर काय असतं? भिंतीवरचं पोस्टर कापून बसवलेलं.”

“ही तक्रार मला मान्य,” मामा म्हणाले. “पण ही आळसाची तक्रार झाली, संख्येची नाही.”

“मामा, छापखान्यात रोज बघते मी. आठवड्याला एक काम असलं तर माणूस प्रूफ तीनदा बघतो. चाळीस असली तर साचा ठरतो आणि त्यात नाव बदलत जातं. आळस संख्येतूनच येतो.”

हा मुद्दा बिनतोड आहे असं प्रस्तुत लेखकाला वाटतं. अतिपुरवठा म्हणजे एकाच वस्तूच्या फार प्रती, असं आपण धरून चालतो. इथे दुसऱ्याच तऱ्हेचा अतिपुरवठा आहे. प्रत्येक डब्याच्या प्रती मोजक्याच असतील, पण डबेच अगणित आहेत. विकत घेणाऱ्याचं लक्ष आणि करणाऱ्याची मेहनत, दोन्ही त्यात वाटली जातात.

मामांनी मात्र पहिल्या तऱ्हेचा, म्हणजे खऱ्या अर्थाने ढिगाने आलेला माल पाहिला होता, आणि उदाहरणही त्यांनी तिथलंच काढलं. १९८४पासून डिस्नेने आपले अभिजात चित्रपट व्हीएचएसवर आणायला सुरुवात केली. फुगीर पांढऱ्या प्लास्टिकची पुस्तकासारखी उघडणारी पेटी, आणि कण्यावर ‘द क्लासिक्स’ लिहिलेला काळा हिरा. संग्राहक त्यांना ‘ब्लॅक डायमंड’ म्हणतात. यातला ‘ब्यूटी अँड द बीस्ट’ १९९२च्या अखेरीस आला आणि त्याच्या दोन कोटींच्या आसपास कॅसेट खपल्या. अलीकडे या कॅसेट हजारो डॉलरला जातात अशी आवई पुन्हा पुन्हा उठते. लिलावाच्या संकेतस्थळांवर तशा किमती लावलेल्या दिसतातही. पण लावलेली किंमत आणि हातात पडलेली किंमत यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. बहुतेक कॅसेट थोड्याशा डॉलरमध्येच विकल्या जातात.

“‘द लिटिल मरमेड’च्या पहिल्या वेष्टनावरच्या राजवाड्याच्या एका मनोऱ्यावरून वाद झाला होता,” मामा सांगू लागले. “पुढे ते चित्र बदललं. लोकांना वाटलं, चुकीचं वेष्टन म्हणजे दुर्मीळ वेष्टन. अगं, चूकच लाखो पेट्यांवर छापली गेली, ती दुर्मीळ कशी होणार?”

“मग माझंच खरं ठरलं ना? एवढ्या निघाल्या म्हणून त्यांना कुणी विचारत नाही.”

“विकायला कुणी विचारत नाही. पण तेव्हाच्या पोरांना विचार, ती पेटी उघडतानाचा आवाज आजही त्यांच्या लक्षात असेल. दोन कोटी घरांत ती पेटी होती, म्हणून कुणा पोराचा आनंद दोन कोटींनी भागला गेला नाही. तू आकर्षण म्हणतेस तेव्हा कुठलं म्हणतेस? ठेवण्याचं की विकण्याचं?”

भाची गप्प बसली नाही. डिस्नेचा तोच काळ तिने उलट बाजूने वाचला. डिस्ने एखादा चित्रपट काही काळापुरता विकायची, मग ‘तिजोरीत’ ठेवायची आणि सात ते दहा वर्षांनी पुन्हा बाहेर काढायची. प्रती कोटींनी असल्या तरी खिडकी बंद होणार हे ठाऊक असायचं, म्हणून लोक धावायचे. २०१९मध्ये डिस्ने प्लस सुरू झालं तसं त्या तिजोरीला फारसं काम उरलं नाही. “म्हणजे ढिगाने विकणाऱ्यालाही टंचाईची गरज होतीच,” ती म्हणाली. “आणि टंचाईचं नाटक हाताबाहेर गेलं की काय होतं तेही घडून गेलंय. सुपरमॅनच्या मरणाचा अंक विसरलास?”

तो अंक नोव्हेंबर १९९२चा, ‘सुपरमॅन’चा ७५वा. काळ्या प्लास्टिकच्या बंद पिशवीत, वर रक्त ठिबकणारं ‘एस’ अक्षर, आत दंडाला बांधायची काळी फीत आणि मृत्युलेख. चित्रपट नसला तरी वेष्टनाच्या जिवावर विकलेल्या मालाचं याहून स्पष्ट उदाहरण सापडणं कठीण. लाखो लोकांनी तो घेतला. अनेकांनी दोन घेतले, एक वाचायला आणि एक पिशवी न फोडता ठेवायला. त्याआधी १९९१मध्ये ‘एक्स-मेन’च्या नव्या मालिकेचा पहिला अंक वेगवेगळ्या मुखपृष्ठांसह निघाला होता आणि त्याच्या ८० लाखांहून अधिक प्रती दुकानांत गेल्या होत्या. सगळेच जपून ठेवतात म्हटल्यावर पुढे दुर्मीळ व्हायला काही उरलंच नाही. सुपरमॅन वर्षभरात परत आला. सट्ट्यासाठी अंक घेणारे मात्र आले नाहीत, दुकानं एकामागून एक बंद पडली, आणि डिसेंबर १९९६मध्ये ‘एक्स-मेन’ काढणाऱ्या मार्व्हलने दिवाळखोरीचा अर्ज केला. त्यामागे कर्जाचीही कारणं होती, पण मोडलेला बाजार हे त्यातलं मोठं कारण.

“जुने अंक महाग का झाले?” मामांनी विचारलं आणि उत्तरही दिलं. “कारण लोकांनी ते वाचून फेकून दिले होते. जपून ठेवायचं म्हणून जे छापतात, ते कुणी फेकत नाही. तुझ्या स्टीलबुकांचंही तेच. प्लास्टिकच्या आवरणात घालून सगळेच ठेवतात. वीस वर्षांनी सगळीच्या सगळी शाबूत निघतील.”

यानंतर गाडी आली ती ट्वायलाइट टाइमवर, आणि या वादाचा गाभा तिथेच आहे. २०११मध्ये अमेरिकेत ब्रायन जेमिसन आणि निक रेडमन यांनी ही छोटी कंपनी काढली. स्टुडिओंच्या गोदामांत पडून असलेले जुने चित्रपट परवान्याने घ्यायचे, त्यांची ब्लू-रे काढायची, आणि बहुतेक चित्रपटांच्या प्रती फक्त ३,०००. पेटी साधीच, पण आत लेखासह छोटी पुस्तिका, आणि पार्श्वसंगीत स्वतंत्रपणे ऐकण्याची सोय. किंमत बाजारभावापेक्षा चढी. संगीतिका असो, वेस्टर्न असो, भयपट असो, आकडा बहुधा तोच.

आकडा तोच असूनही नशीब किती वेगळं! ‘फ्राइट नाइट’ आणि ‘क्रिस्टीन’ या भयपटांच्या प्रती हां हां म्हणता संपल्या आणि दुसऱ्या हाताच्या बाजारात त्यांच्या किमती कितीतरी पटींनी चढल्या. उलट कित्येक गंभीर, चांगल्या चित्रपटांच्या प्रती वर्षानुवर्षं गोदामात बसल्या. २०२०मध्ये कंपनी बंद होताना उरलेला माल अगदी उतरत्या भावाने काढावा लागला. ३,००० हा एका चित्रपटासाठी तुटवडा होता आणि दुसऱ्यासाठी अतिपुरवठा.

“म्हणून मी म्हणतो, आकड्याच्या मागे लागू नकोस,” मामा म्हणाले. “दुकानात आम्ही हे रोज बघायचो. पन्नास प्रती कमी पडतात आणि पाच जास्त होतात.”

“पण पुढचं सांग ना. ‘क्रिस्टीन’ २०१३मध्ये ३,००० प्रतींत आला. ज्यांनी तेव्हा घेतला नाही त्यांनी नंतर पदरमोड करून चढ्या भावाने घेतला. २०१५मध्ये सोनीने तोच चित्रपट सगळ्या दुकानांत स्वस्तात आणला. ‘फ्राइट नाइट’ तर त्याच कंपनीने २०१५मध्ये परत काढला, आणखी ५,००० प्रती. चढा भाव दिलेल्यांचं काय?”

“त्यांना चित्रपट दोन वर्षं आधी मिळाला.”

“त्यांना शब्द दिला होता, मामा.”

मामा क्षणभर थांबले. कायद्याने बघितलं तर शब्द मोडला नव्हता. दुसऱ्या आवृत्तीला वेगळं नाव होतं, वेगळी सामग्री होती. सोनीने तर कुणाला काही कबूलच केलं नव्हतं, हक्क त्यांचेच होते. पण विकत घेणाऱ्याच्या मनात जो करार झालेला असतो तो परवान्याच्या कागदावर नसतो. मुद्राचित्रं काढणारे चित्रकार ठरलेल्या प्रती निघाल्यावर मूळ प्लेटवर आडवी रेघ मारून ती निकामी करतात, ती याच करारासाठी. अर्थशास्त्रज्ञ रोनाल्ड कोज यांनी १९७२च्या एका निबंधात हेच कोडं मांडलं होतं. टिकाऊ वस्तू एकट्याने विकणारा आज चढा भाव लावतो, पण उद्या तो आणखी माल काढून भाव उतरवेल हे गिऱ्हाइकाला कळत असतं. स्वतःचे हात त्याने दिसतील असे बांधून घेतल्याशिवाय त्याच्या आजच्या भावावर कुणी विश्वास ठेवत नाही. फिल्मची प्लेट मोडता येत नाही. मास्टर स्टुडिओच्या तिजोरीत राहतो, आणि दर काही वर्षांनी त्याची नवी, अधिक नितळ आवृत्ती काढायचा मोह होतोच.

१९७५मधला एक प्रयोग इथे फार उपयोगी आहे. स्टीफन वॉर्चेल, जेरी ली आणि अकानबी अडेवोले या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना बरणीतली बिस्किटं दिली. काहींच्या बरणीत दहा, काहींच्या बरणीत दोनच. दोनवाल्यांना तीच बिस्किटं अधिक हवीशी आणि अधिक मोलाची वाटली. मात्र ती अधिक चविष्ट आहेत असं काही ते म्हणाले नाहीत. इथवरचं कुणालाही पटेल. पण प्रयोगात आणखी एक गट होता. त्यांना आधी कमी बिस्किटं दाखवली आणि मग भरलेली बरणी आणून दिली. या गटाने बिस्किटांना सगळ्यांत कमी लेखलं, पहिल्यापासून भरलेली बरणी मिळालेल्या लोकांपेक्षाही कमी.

भाचीचा सगळा वैताग त्या शेवटच्या गटाचा आहे. सुरुवातीपासून मुबलक असलेल्या प्लास्टिकच्या डबीबद्दल तिची काही तक्रार नाही. दुर्मीळ म्हणून दिलेली वस्तू पुढे ढिगाने आली, याचं तिला वाईट वाटतं. मामा जे म्हणत होते तेही या प्रयोगात बसतं, कारण मुबलक बिस्किटाची चव बिघडत नाही.

“आपल्याकडे मुबलक कसं असतं ते तू लहान असताना पाहिलंस,” मामांनी विषय देशात आणला. मोझर बेअर ही रिकाम्या डिस्क बनवणारी भारतीय कंपनी. तिने २००७च्या सुमारास अनेक भारतीय भाषांतल्या चित्रपटांचे हक्क घेतले आणि व्हीसीडी २८ रुपयांना, डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढल्या. त्याआधी अस्सल डिस्कची किंमत याच्या कित्येक पट असायची, आणि लोक रस्त्यावरची चोरटी प्रत घ्यायचे. आता अस्सल प्रत चोरट्या प्रतीच्या भावात मिळू लागली. वेष्टन साधं, पातळ. ते जपून ठेवावं असं कुणाच्या मनातही आलं नाही. पण ज्या घरांत एकही चित्रपट विकत घेतला गेला नव्हता त्या घरांत चित्रपटांचा कप्पा तयार झाला. पुढे इंटरनेट आलं, डिस्कची मागणी ओसरली, आणि कंपनी २०१८मध्ये अवसायनात गेली. मुंबईत काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस त्याआधीच, २०१६मध्ये, बंद झालं होतं.

“बायका दुकानात यायच्या आणि एका वेळी पाच डीव्हीडी घेऊन जायच्या,” मामा म्हणाले. “तुझ्या स्टीलबुकांनी असा एक तरी नवा प्रेक्षक आणलाय?”

“आणि त्यातलं एक तरी वेष्टन आज कुणाकडे आहे?”

दोघांचेही प्रश्न रास्त होते, आणि दोघांनीही उत्तर दिलं नाही.

मग भाचीने मामांच्याच बाजूला जाणारं एक उदाहरण काढलं. यातून तिचा प्रामाणिकपणा दिसतो. क्रायटेरियन कंपनीने पासोलिनीच्या ‘सालो’ची डीव्हीडी १९९८मध्ये काढली आणि हक्कांच्या अडचणीमुळे ती लवकरच मागे घेतली. पुढची दहा वर्षं ती संग्राहकांची सर्वांत हवीशी डीव्हीडी होती. शेकडो डॉलर मोजले जात, नकली प्रतीही निघाल्या. २००८मध्ये क्रायटेरियनने अधिक चांगल्या चित्रासह ती पुन्हा काढली. जुन्या प्रतीचा भाव कोसळला. पण क्रायटेरियनवर कुणी विश्वासघाताचा आरोप केला नाही, कारण ‘एवढ्याच काढू’ असं त्यांनी कधी म्हटलंच नव्हतं. त्यांचा शब्द वेगळा होता. चित्रपट चांगला दाखवू, त्याच्याबरोबर चांगलं लिहिलेलं देऊ आणि कण्यावर क्रमांक घालू. ‘अपू’ चित्रपटत्रयीच्या मूळ निगेटिव्ह १९९३मध्ये लंडनच्या प्रयोगशाळेतल्या आगीत जळाल्या होत्या. त्यांच्या उरलेल्या तुकड्यांवर इटलीत बोलोन्याच्या प्रयोगशाळेत काम झालं आणि २०१५मध्ये क्रायटेरियनची पेटी आली. ही पेटी आणखी कितीही लोकांनी घेतली तरी भाचीच्या कपाटातल्या पेटीची शोभा उणी होत नाही, हे तिने स्वतःच मान्य केलं.

“बघ, आलीस ना ठिकाणावर!” मामा म्हणाले.

“अर्धीच आले. कारण ती पेटी चित्रपटापासून सुरू होते. बाकीच्यांचं तसं नाही.” आणि तिने कोरियाच्या डब्यांचा विषय काढला. तिथली प्लेन आर्काइव्ह आणि नोव्हा मीडिया, चीनची ब्लूफान्स, हाँगकाँगची मांता लॅब, चेक प्रजासत्ताकातली फिल्मअरेना या मंडळींनी स्टीलबुकाच्या बाहेर जाड पुठ्ठ्याचं आवरण घालण्याची कला फार वर नेली. फुल स्लिप, क्वार्टर स्लिप, आणि कोनाप्रमाणे चित्र हलतं ते लेंटिक्युलर. आत फोटोकार्डं, पुस्तिका, प्रत्येक प्रतीवर क्रमांक. कागद, घडी, कडेची सफाई, सगळं असं की पॅकेजिंगमधला माणूस बघत बसेल. भाची तर बघत बसतेच.

पण तिथेही तीन-तीन आवरणं एकाच चित्रपटाला निघाली, आणि तिन्ही एका झटक्यात घ्यायची तर ‘वन-क्लिक’ संच. आत डिस्क तीच. क्रमांक तिन्हींवर वेगळे. “प्रत्येक आवरण दुर्मीळ, आणि मिळून पुन्हा ढीग,” ती म्हणाली. “छपाईत पहिली प्रत महाग पडते. प्लेट, डाय, मशीन लावणं, सगळा खर्च तिच्या माथी. पुढची प्रत फक्त कागदाची. म्हणून कारखाना किमान संख्येखाली काम घेत नाही, आणि विक्रेता ती संख्या खपवायला नवनवी नावं शोधतो. माल आधी ठरतो, हौस नंतर.”

मामांना यातला धंदा लगेच कळला. अमेरिकेत न खपलेल्या डिस्क दुकानदार कंपनीला परत करू शकत. त्यामुळे दुकानदार मागणीपेक्षा थोडं जास्तच मागवायचा, आणि परत आलेला माल पुढे सवलतीत दिसायचा. आपण प्रकाशनपूर्व नोंदणी करून पूर्ण भाव दिलेला डबा वर्षभरात निम्म्या किमतीत दिसला, की पुढच्या वेळी नोंदणी करायला हात धजत नाही. दिवाळी अंकांचंही असंच होतं, असं भाची म्हणाली. वसुबारसेला जो अंक भरल्या किमतीला घेतो, तो मार्गशीर्षात गठ्ठ्याने मिळतो.

“आणि तरी लोक पुढच्या वर्षी घेतात,” मामा म्हणाले. “१९०९ सालच्या ‘मनोरंजन’पासून घेताहेत. कारण प्रत्येक वर्षी आत नवं लिखाण असतं. जुन्याच कथा नव्या मुखपृष्ठात घालून दे, बघ कोण घेतं ते.”

उलट प्रकारही घडतो. नोव्हेंबर २०२३मध्ये ‘ओपनहायमर’ची फोर-के डिस्क आली, अगदी साध्या वेष्टनात. स्वतः दिग्दर्शक नोलन लोकांना ती विकत घेऊन घरी ठेवा असं सांगत होता. पहिल्याच आठवड्यात ती मोठ्या दुकानांतून संपली आणि कंपनीला आणखी माल येतोय असं जाहीर करावं लागलं. आणखी माल आला, लोकांनी तो घेतला, कुणाचाही विरस झाला नाही.

मामांना सर्वांत पटलेला मार्ग ब्रिटनच्या अ‍ॅरो आणि अमेरिकेच्या व्हिनेगर सिंड्रोम यांचा. पहिली आवृत्ती जाड पेटी, पुस्तिका, नवं चित्र यांसह, मोजक्या प्रतींची. ती संपली की तोच चित्रपट साध्या डबीत चालू राहतो. चित्रपट सगळ्यांसाठी, पेटी लवकर येणाऱ्यासाठी. भाचीने यातली खोच दाखवली. व्हिनेगर सिंड्रोमची पुठ्ठ्याची आवरणं कधीकधी आतल्या चित्रपटाहून महाग विकली जातात, आणि पुढच्या आवरणासाठी लोक असे चित्रपट घेतात जे ते कधी बघणार नाहीत. तरीही तिथे फसवणूक नाही, हे तिला मान्य आहे. काय संपणार आणि काय राहणार हे आधी सांगितलेलं असतं. भारतातल्या माणसाला तर साधी आवृत्ती चालू राहणं फार मोलाचं. आपण ब्लू-रेच्या ‘सी’ विभागात येतो, त्यामुळे परदेशी ब्लू-रे आपल्या यंत्रावर चालेलच असं नाही. फोर-केला विभागाचं बंधन नसतं, पण टपालखर्च आणि जकात जमेला धरेपर्यंत ‘मर्यादित’ आवृत्ती तिकडे संपलेली असते.

बोलता बोलता मामांनी विचारलं, “समज, प्रभातच्या ‘संत तुकाराम’ची अशी पेटी करायची. किती प्रती काढशील?”

प्रश्न हवेतला नव्हता. दामले-फत्तेलालांचा १९३६चा हा चित्रपट १९३७मध्ये व्हेनिसला गौरवला गेला. भारतात चित्रपटाचा स्वामित्वहक्क प्रदर्शनानंतर साठ वर्षांनी संपतो, त्यामुळे अडचण हक्कांची नाही, चांगल्या प्रिंटची आणि त्यावरच्या मेहनतीची आहे. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय इथेच, लॉ कॉलेज रस्त्यावर आहे. भाचीच्या डोळ्यांसमोर पेटी उभीच राहिली. पत्रा नको, हातकागदाचा रंग असलेला जाड पुठ्ठा. वर फक्त प्रभातची तुतारीवाली, रंगाशिवाय, नुसत्या उठावात. आत त्या काळी चित्रपटगृहात मिळायची तशी गाण्यांची पुस्तिका, तुकाराम साकारणाऱ्या पागनीसांवर एक चांगला लेख.

“पाचशे,” ती म्हणाली. “क्रमांक घालून. डाय मोडून टाकायची, आणि मोडलेल्या डायचा फोटो छापायचा.”

“पाचशे? देहूलाच संपतील. महिनाभर नोंदणी उघडी ठेव. येतील तेवढ्या छाप.”

मामांचं म्हणणं अव्यवहार्य नाही. अमेरिकेची लिमिटेड रन गेम्स ही कंपनी व्हिडिओ गेम अशाच पद्धतीने विकते. ठरावीक आठवडे नोंदणी, मग जेवढी मागणी तेवढ्याच प्रती. मोंडो कंपनीने चित्रपटांची काही पोस्टरंही वेळ बांधून विकली. संख्या आधी कुणालाच माहीत नसते, पण खिडकी कधी बंद होणार हे सगळ्यांना माहीत असतं. ढीग उरत नाही, आणि दोन मिनिटांत सगळं उचलून चढ्या भावाने विकणाऱ्यालाही वाव राहत नाही.

“आणि महिन्याने कुणी आजोबा फोन करतील, मला आत्ताच कळलं म्हणून. त्यांना नाही म्हणशील?” मामांनीच पुढे विचारलं.

“त्यांच्यासाठी साधी आवृत्ती. पुस्तिका तीच, चित्र तेच, फक्त पेटी आणि क्रमांक नाही. हे पहिल्याच दिवशी जाहीर करायचं.”

“आणि शंभरच नोंदण्या आल्या तर?” मामांनी विचारलं.

“तर ऑफसेट परवडणार नाही, डिजिटलवर जावं लागेल. उठावासाठी ब्लॉक तरीही करावा लागेल,” ती म्हणाली, आणि ऑफिसच्या वहीत तीनशे ग्रॅमच्या पुठ्ठ्याचा भाव लिहून हिशेबाला बसली. मामांनी नोंदणीचा महिना आषाढाचा धरावा असं सुचवलं. तिने कार्तिकी एकादशीचा आग्रह धरला, कारण आषाढात छापखान्याला शाळेच्या वह्यांमधून सवड नसते.